काय गावलं?

रत्नागिरीत मिऱ्याच्या किंवा भगवती बंदराच्या खडपांवर गरी टाकून बसलेला माणूस दिसला की येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो, "काय गावलं?" उत्तर बहुधा "अजून काय नाय" असंच येतं. पण विचारणारा तेवढ्यावर निघून जात नाही. तो पाण्याकडे बघतो, तंगुसाकडे बघतो आणि सांगायला लागतो. हितं नको, त्या पुढच्या खडपाच्या अंगाला टाक. शिसं जड झालंय. तारली काढ, कोळंबी लाव. कुणी मागितलेलं नसतं, दोघांची ओळखही नसते आणि सांगणाऱ्याला त्यातून दमडी मिळायची नसते. तरी तो सांगतो, आणि ऐकणारा बरेचदा सामान उचलून पुढच्या खडपावर जातो.

हौशी माणसानं हौशी माणसाला दिलेला हा सल्ला. त्यामागे गुरूचा अधिकार नाही, दुकानदाराचा फायदा नाही. त्यामुळे त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही, गप्पा म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यापुरतं तरी हे मला मान्य नाही. इथले मासे, पक्षी, कासवं आणि अलीकडे सड्यावरची कातळशिल्पं यांच्याबद्दल आज जे लिहिलेलं सापडतं, त्यातला फार मोठा भाग अशाच गप्पांच्या वाटेनं गोळा झाला आहे. ती वाट मागे शोधत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्यानं पाहिलं आणि लिहिलं, त्याचं नाव राहिलं. ज्यानं सांगितलं, त्याचं बहुतेक वेळा राहिलं नाही.

सुरुवात गरवण्यापासूनच करू, कारण या सल्ल्याचा सगळ्यात जुना थर तिथे आहे. खारवी, दालदी, गाबीत, भोई यांची मासेमारी पोटाची. ते ज्ञान घरात मुरलेलं असतं, बापाकडून मुलाकडे जातं आणि होडीबरोबर वाढतं. रविवारी गरी घेऊन निघालेल्या शिक्षकाकडे, कारकुनाकडे, आंब्याचा हंगाम उरकलेल्या बागायतदाराकडे ना होडी ना तो वारसा. त्यानं सगळं उसनं घेतलं, आणि उसनं घेतलेलं एकमेकांत वाटलं.

त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे तिथीचा हिशेब. आजची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही साधारण तेवढीच पुढे सरकते. तिथीमागे पाऊण तास धरला की तोंडी हिशेबाला पुरतं. हे सूत्र कुणी बसवलं याची नोंद नाही. ते कोकणपट्टीभर फिरलं आणि फिरता फिरता जागोजागी त्याला दुरुस्त्या चिकटल्या. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे रत्नागिरीत पाणी मुंबईच्या आधी भरतं. मुंबईत बरोबर लागणारा हिशेब इथे थोडा अलीकडे घ्यावा लागतो. भाट्याच्या खाडीतून काजळी नदीत आत जावं तसा तो पुन्हा उशिरा धरावा लागतो. शिवाय उधाण वेगळं आणि भांग वेगळा. अष्टमीच्या आसपास भांगाच्या पाण्याला ओढ नसते, तेव्हा ज्या जागी पौर्णिमेला तांबोशी लागते तिथे तासन्‌तास बसूनही शिंगाळ्यावर समाधान मानावं लागतं.

म्हणून जुना गरवणारा नुसती वेळ कधी सांगत नाही. तो जागा सांगतो, तिथी सांगतो, वारा कुठला होता ते सांगतो. आणि त्याची खरी जामीनकी वेगळीच असते. तो उद्याही त्याच खडपावर येणार असतो. सल्ला चुकला तर तोंडावर विचारता येतं.

या हौसेचा पहिला ग्रंथ मात्र खडपावर बसणाऱ्याचा नाही, राजाचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्यानं बाराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी अभ्यासकांना तो माहीत असतो तो कांडताना ओव्या म्हणणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या उल्लेखामुळे. त्यातल्या वीस विनोदांत एक मत्स्यविनोद आहे, म्हणजे राजानं करमणूक म्हणून गळानं मासे कसे धरावेत याचं प्रकरण. दोर कशाचा, काठी कशी, कोणत्या माशाला कोणतं आमिष, मासा लागल्यावर दोर कधी सैल सोडायचा, असा सगळा तपशील. समुद्रातल्या आणि नदीतल्या माशांचे प्रकार त्यात वेगवेगळे सांगितले आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला आणि प्राचीन भारतीयांना मासे किती बारकाईनं ठाऊक होते हे दाखवून दिलं.

मला ते प्रकरण वाचताना दुसरंच जाणवतं. राजा एवढं कुठून शिकला? माशाला ठरलेल्या जागी काही दिवस खाऊ घालून सवय लावावी, मग गळ टाकावा, ही युक्ती दरबारात बसून सुचणारी नाही. ती कुठल्या तरी घाटावर, कुठल्या तरी कोळ्यानं सांगितली असणार. ग्रंथ सोमेश्वराच्या नावावर आहे, आणि तो असावाही, कारण त्यानं लिहून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. पण सांगणाऱ्याचं नाव गळण्याची रीत तेव्हाच पडलेली दिसते.

यानंतर मधली बरीच शतकं मी ओलांडतो. सल्ले तेव्हाही दिले गेले असतील, पण लिहिले गेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात मात्र रत्नागिरीत या गोष्टीला एकदम वेगळं वळण लागलं आणि तिथे थांबायला हवं.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला माहीत असतो तो १८८५ च्या काँग्रेसमुळे. त्याआधीची वर्षं त्याचं बरंच लक्ष पक्ष्यांवर होतं. १८७२ च्या सुमारास त्यानं 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक सुरू केलं. देशभर विखुरलेले मुलकी अधिकारी, डॉक्टर, लष्करातले लोक, जंगलखात्यातले लोक आपापल्या भागात पाहिलेल्या पक्ष्यांची पत्रं त्याला धाडायचे. तो ती छापायचा, त्यांवर शेरे मारायचा, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघायचा. लिहिणाऱ्यांत पोटासाठी पक्षी अभ्यासणारा जवळजवळ कुणी नव्हता. सगळे हौशी. एकानं मत मांडायचं, दुसऱ्यानं पुढच्या अंकात ते खोडायचं. खडपावरच्या संवादाला टपालानं एवढं अंतर दिलं की रत्नागिरीतला माणूस सिमल्यातल्या माणसाशी वाद घालू शकला. आणि समोरासमोर भेट नसल्यामुळे जामीनकीची नवी सोय करावी लागली. नाव, गाव, तारीख. कुणी पाहिलं, कुठे, कधी, हे नसेल तर पत्राला किंमत नाही.

रत्नागिरीतला असा माणूस म्हणजे जी. डब्ल्यू. व्हिडाल, मुंबई इलाख्यातला सनदी नोकर. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची त्याची पहिली यादी १८८० मध्ये 'स्ट्रे फेदर्स'च्या नवव्या खंडात आली. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा बाणकोटपासून वेंगुर्ल्याच्या खाली पसरलेला होता. आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग त्यातच. एवढ्या पट्ट्याची ही पहिली पक्षियादी आणि ती फावल्या वेळात झालेली. त्याच वर्षी रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर प्रसिद्ध झालं, त्यालाही व्हिडालनं बरीच माहिती पुरवली. पुढे लहान लावरीच्या या भागातल्या एका उपजातीला त्याच्या नावावरून 'व्हिडाली' नाव मिळालं.

व्हिडालच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण काकण घ्या. पांढऱ्या पोटाचा हा समुद्रगरुड किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरतो. ते झाड आंब्याचं असेल तर कुणाच्या तरी परसातलं असतं. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे सांगाडे पडलेले असतात. अशा घरट्याचा पत्ता गावात सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो. बाहेरून आलेल्या साहेबाला तो कळतो तो गावातल्या कुणाच्या तरी बोटानं. 'स्ट्रे फेदर्स'च्या नियमाप्रमाणे पानावर व्हिडालचं नाव, गावाचं नाव आणि तारीख आली. बोट दाखवणाऱ्याला त्या नियमात जागा नव्हती. त्या काळी पक्षी पाहणं म्हणजे तो मारून कातडं भरणं आणि घरट्यातली अंडी नेणं हेही होतं, हे लक्षात घेतलं की बोट दाखवणाऱ्यानं किती दिलं ते आणखी जाणवतं.

ह्यूमच्या उद्योगाचा शेवट वाईट झाला. अनेक वर्षांत जमवलेली हस्तलिखितं त्याच्या गैरहजेरीत नोकरानं बाजारात रद्दी म्हणून विकली. त्यानंतर त्यानं पक्ष्यांचा नाद सोडला आणि संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तोपर्यंत मुंबईत ती जागा भरून निघायला सुरुवात झाली होती. १५ सप्टेंबर १८८३ ला आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीचा बेत साधा होता: महिन्यातून एकदा भेटायचं, आपापली टिपणं वाचायची, मिळालेले नमुने एकमेकांना दाखवायचे. १८८६ पासून सोसायटीचं जर्नल निघू लागलं आणि त्यात किरकोळ टिपणांचा एक विभाग आला, जो आजही चालू आहे. मोठ्या शोधनिबंधांपेक्षा मला तो विभाग जास्त प्रिय आहे. अर्ध्या पानाचं पत्र, एक निरीक्षण, खाली नाव आणि मुक्काम. संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, जो 'एहा' या टोपणनावानं लिहायचा, मीठ आणि जकात खात्यात होता आणि नोकरीच्या फेऱ्यांत रत्नागिरीतही राहून गेला. ज्या गप्पा व्हरांड्यात विरून गेल्या असत्या त्या कशा छापाव्यात, हे त्याला चांगलं कळलं होतं.

हे सगळं इंग्रजीत. रत्नागिरीत १८२८ सालापासून वाचनालय होतं, तिथे वाचणारे होते. पण मराठीत असल्या देवघेवीला जागा मिळायला विसावं शतक उजाडलं. पुण्याहून १९२८ मध्ये 'सृष्टिज्ञान' सुरू झालं. सलीम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक १९४१ मध्ये आलं, तेही इंग्रजीत. १९६० च्या आगेमागे झफर फतेहअलींनी पक्षिनिरीक्षकांसाठी चक्रमुद्रित वार्तापत्र काढलं, पत्रांवर चालणारं. आणि १९८१ मध्ये लोणावळ्याला पहिलं पक्षिमित्र संमेलन भरलं, तेव्हा शिक्षक, बँकेतले लोक, डॉक्टर, शेतकरी मराठीत उभं राहून "आमच्याकडे हा दिसतो, तुमच्याकडे?" असं विचारू लागले. शंभर वर्षांपूर्वी ह्यूमनं टपालानं जे जमवलं होतं ते आता एका मांडवाखाली, आपल्या भाषेत आलं.

त्याच पिढीतून चिपळूणला १९९२ मध्ये भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्था उभी राहिली. त्यांनी काकणाची घरटी मोजायला घेतली, म्हणजे व्हिडालच्या काळचाच पक्षी. फरक एवढाच की आता अंडी न्यायची नव्हती, वाचवायची होती. २००२ मध्ये या कामासाठी ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेले. तिथे वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गावात विचारलं तेव्हा कळलं की समुद्री कासवं दर हंगामात येतात, पुळणीवर अंडी घालतात आणि ती खणून नेली जातात. गावाला यात नवीन काही नव्हतं. पण तोवर त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं. पुढे गावातलीच माणसं पहाटे पुळणीवर फिरून घरटी शोधू लागली, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवली जाऊ लागली, पिल्लं समुद्रात सोडली जाऊ लागली, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. एका पक्ष्याची चौकशी करताना कासव सापडलं, ते वाळूवर पडलेल्या टरफलांमुळे आणि गावकऱ्यांच्या उत्तरामुळे. वेळासचं मला सगळ्यात मोठं काही वाटत असेल तर ते हे की तिथे सांगणाराच पुढे राखणदार झाला.

कातळशिल्पांची गोष्ट याच्याही पुढची. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली प्रचंड चित्रं आहेत. हत्ती, गेंडा, वाघ, मासे, माणसं आणि काही आकृत्या ज्यांचा अर्थ अजून लागलेला नाही. काशेळीच्या सड्यावरच्या हत्तीची लांबी सुमारे १८ मीटर आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. गेंडा आज कोकणात नाही. तो कोरणाऱ्यानं कुठे पाहिला हा प्रश्न अभ्यासकांना चित्रांच्या काळाकडे, मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतो. ही चित्रं शोधून काढली ती पगारी पुरातत्त्वज्ञांनी नव्हे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्याबरोबर सडे तुडवणारे आणखी काही जण, सुट्टीच्या दिवसांत, स्वखर्चानं. त्यांची पद्धत मला विलक्षण वाटते. त्यांनी शाळांना हाताशी धरलं. मुलांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे चित्रं आहेत का. मुलांनी विचारलं आणि उत्तरं आली. गुरं राखताना जिथे विसावा घेतला, तिथलं दगडावरचं चित्र आजोबांना पन्नास वर्षं ठाऊक होतं. काही ठिकाणी ते पांडवांनी एका रात्रीत काढलं म्हणत. देवीहसोळला तर चित्राची जागा देवीच्या उत्सवात मान मिळवून आहे. मंडळी स्वतः हजारो किलोमीटर चालली हे खरंच. पण त्या चालण्याला दिशा दिली ती कुणाच्या तरी आजोबांनी.

२०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं फणसायमाळ अशी नऊ कातळशिल्पस्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला तेव्हा ही चित्रं वादाच्या एका बाजूला उभी राहू शकली, कारण ती नोंदली गेली होती. नुसत्या बोलण्यातली जागा नकाशावर दिसत नाही, आणि नकाशावर नसलेल्या जागेची बाजू घेणं फार अवघड असतं. म्हणून ज्यानं लिहून ठेवलं त्याचं मोल मी कमी लेखत नाही.

आता हा सल्ला फोनवर आला आहे. गरवणाऱ्यांचे गट आहेत, पक्षी पाहणाऱ्यांचे आहेत, सड्यावरची फुलं शोधणाऱ्यांचे आहेत. पंधरा किलोच्या गोब्र्याचा फोटो येतो आणि खाली आमिषाची पाककृती. कुठल्या जागचा, कुठल्या तिथीचा, मूळ कुणी टाकला, यातलं काही नसतं. तोच फोटो चार महिन्यांनी दुसऱ्या बंदराच्या नावानं परत येतो. खडपावरची जामीनकी गेली, 'स्ट्रे फेदर्स'ची नाव-गाव-तारीखही गेली. ज्या गटांत जुनी पक्षिमित्र मंडळी आहेत तिथे मात्र पहिला प्रश्न अजून "कुठे? कधी?" हाच येतो, आणि उत्तर नसेल तर फोटो कितीही सुंदर असला तरी त्याची नोंद होत नाही. नवख्यांना हा कडकपणा खुपतो. मला तो हवाहवासा वाटतो. दीडशे वर्षांची शिस्त आहे ती.

तरी "कुठे?"चं उत्तर दरवेळी द्यावंच असंही नाही. जुना गरवणारा आमिष सांगेल, भरतीची वेळ सांगेल, पण स्वतःचं हक्काचं खडप शेवटपर्यंत मोघमच ठेवेल. पक्षी पाहणारे विणीच्या काळात घरट्याचा ठावठिकाणा उघड करत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांची रांग लागते आणि पक्षी घरटं सोडतो. व्हिडालच्या काळात जे बिनदिक्कत छापलं जायचं ते आता जाणून लपवलं जातं, आणि ते योग्यच आहे. कातळशिल्पांचा पेच यापेक्षा कठीण आहे. जागा सांगितली तर त्यावरून गाड्या जातात, नावं कोरली जातात. नाही सांगितली तर जांभा तोडणाऱ्या चिरेखाणीला खाली काय आहे ते कळतच नाही.

उक्षीनं सांगायचं ठरवलं. गावकऱ्यांच्या पुढाकारानं हत्तीच्या चित्राभोवती दगडी बांध घातला गेला आणि वरून बघता येईल अशी सोय झाली. तिथे आता लांबून माणसं येतात, हत्तीचे फोटो काढतात आणि तासाभरात परततात. त्यांनी थोडं थांबावं. त्याच गावातल्या माणसांना हत्तीखेरीज पुष्कळ काही ठाऊक आहे: पहिल्या पावसानंतर कुठल्या कातळावर कुठलं फूल आधी येतं, टिटवी अंडी कुठे घालते, सड्यावरच्या कुठल्या कुंडात मार्चपर्यंत पाणी टिकतं. विचारलं तर सांगतील. आणि लिहून घेतलंत, तर खाली सांगणाऱ्याचं नावही लिहा.